भोपळा घेऊन धबधब्याला

धबधब्याला जायचं ठरलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. घरातली बाकीची माणसं मात्र एकेक भाकरी जास्त खाऊन उठली.

हे आज सांगायचं कारण माझी नात मेघा. ती मैत्रिणींबरोबर कुठल्याशा राष्ट्रीय उद्यानात निघाली आहे. तिथं धबधब्याखालच्या डोहात पोहता येतं म्हणे. रस्ता कसा, राहायचं कुठं, खायला काय मिळतं, असं आठवडाभर तिचं मोबाईलवर बघणं चाललंय. परवा सहज विचारलं, "आजी, तू कधी गेली होतीस का गं धबधब्यात?" मी म्हटलं, गेले होते, आणि पोहता येत नसताना गेले होते. ती ताडकन उठून बसली. आता मी सांगते आणि ती तिच्या ब्लॉगवर लिहिते. माझी तिरकस वाक्यं ती गाळते असा मला संशय आहे. तुमच्यापैकी कोणी अशा सहलीचा बेत करत असेल, तर फोटो बघून झाले की हेही वाचा.

नवे पैसे अजून यायचे होते, आणे-पै चालायचे, तेव्हाची गोष्ट. दसरा झाला होता, दिवाळी तोंडावर होती. माझं माहेर इंदापूरकडचं वरकुटे. आमच्या शिवाराला तेव्हा पाटाचं पाणी नव्हतं. विहिरीचा तळ दिसायला लागला की आई आम्हाला नुसती तोंडं पुसून शाळेत धाडायची. लग्न होऊन आले ती कोऱ्हाळे बुद्रुकला, नीरेच्या डाव्या कालव्यावर. इथं ऊस, इथं पाट, आणि इथल्या पोरांना चालायच्या आधी पोहायला येतं. माझी नणंद कमळ तर पाटातच वाढलेली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून पुलावरून मुटका मारायची ती पार खालच्या मोरीपाशी डोकं वर काढायची. मी काठावर उभी राहून देव पाण्यात घालायची.

त्या कमळचं लग्न ठरलं. बावड्याचं खटल्याचं, चार पिढ्या एकत्र नांदणारं घर. तिथल्या सुना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतानाही पदर सावरत, पोहायची गोष्टच सोडा. तुळशीचं लग्न लागलं की हिचं लागणार होतं. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लाडानं विचारलं, "जायच्या आदी काय पायजे गं तुला?" त्यांना वाटलं, पोरगी पाटल्या मागेल.

ती म्हणाली, "मला धबधब्याखाली पवायचंय."

हे खूळ तिच्या डोक्यात भरलं होतं पाटकऱ्यानं. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या शेताला सोडणारा माणूस. आमचा पाटकरी रामभाऊ भोरच्या वरच्या अंगाचा, हिरडस मावळातला. चहाला टेकला की सांगायचा, "तुमचं ह्ये पानी पाटात यायच्या आदी आमच्या डोंगरावरनं उडी घेतंय. खाली रांजणडोह हाय. तळाला पडल्याला पैसा वरनं दिसंल, असं पानी." कमळ कानात प्राण आणून ऐकायची. आणि आबाही. सगळा जन्म त्यांनी त्या पाण्याला दारं धरली होती, सरीसरीत ते वळवलं होतं, पण ते येतं कुठून हे कधी बघितलं नव्हतं. त्यामुळं पोरीनं मागायचा अवकाश, ते "जाऊ की" म्हणून मोकळे झाले.

सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या येणार नव्हत्या. त्यांनी मला चुलीपाशी बसवून घेतलं.

"ह्या बापलेकांच्या जिवावर म्या पोरगी धाडत न्हाय. तुज्या जिवावर धाडतीया. जशी नेतीस तशी आण. लग्नाची पोर हाय, अंगावर वरखडा न्हाय पायजे."

"आत्याबाई, मला तर पवायलाबी येत न्हाय."

"म्हनूनच तुला सांगितलं," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

तिथून माझी झोप उडाली. आबांना आणि ह्यांना (माझ्या यजमानांना, नाव घ्यायची सवय मला अजून नाही) एकच काळजी, पाण्याच्या पाळीची. आपण तिकडं आणि पाणी इकडं, असं व्हायला नको. म्हणून ऊस भिजवून झाल्यावरचा दिवस धरला. मला मात्र काळज्यांचा तोटा नव्हता. गाडी घाटात कलंडली तर? डोहात सुसर असली तर? रानात बिबट्या? पायाला जळवा? कमळला तिथं ताप भरला तर? आणि बावड्याच्या लोकांच्या कानावर गेलं तर? एकेक काळजी मी रोज ह्यांच्यापुढं मांडायची. सुरुवातीला उत्तर मिळायचं, मग नुसतं हसू, आणि शेवटी शेवटी मी तोंड उघडायच्या आत हे घोरायला लागले.

मग मी एक अट घातली. माळ्यावर एक वाळका भोपळा पडून होता. लहानपणी तोच पाठीला बांधून कमळ पोहायला शिकली होती. भोपळा पाठीला असला की माणूस तळाला जात नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. तो भोपळा आमच्याबरोबर येणार आणि डोहात उतरताना कमळ तो बांधणार.

कमळ रडकुंडीला आली. "वैनी, लग्न ठरलंय माजं आन् भोपळा बांदू?"

"लग्न ठरलंय म्हनूनच बांद," मी म्हटलं.

बांधाबांध मीच केली. दुधातल्या दशम्या, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, कांदे, गुळाचा खडा. जखमेला हळद, पोटाला ओवा, थंडीला सुंठ. विहिरीवरच्या मोटेचा नाडाही मी पिशवीत कोंबला होता, कोणी बुडालं तर ओढायला. तो ह्यांनी गुपचूप काढून ठेवला, हे मला भोरला कळलं. तोवर उशीर झाला होता.

पहाटे नीरेच्या रस्त्यावर गाडी धरली. भोपळा माझ्या मांडीवर. कंडक्टरनं त्याच्याकडं आणि माझ्याकडं आलटून पालटून बघितलं.

"भजनाला निगालाय जनू?"

मी काही बोलायच्या आत आबा गंभीर तोंड करून म्हणाले, "व्हय, सून गाती आमची."

"मग तंबोरा संबाळून धरा बाई, रस्ता वंगाळ हाय," कंडक्टर म्हणाला. शेजारची म्हातारी नीरा येईपर्यंत "येखादा अभंग म्हना की" म्हणून माझ्यामागं लागली होती. कमळ खिडकीकडं तोंड करून हसत होती. तिच्या लाल कानांवरून ते मला दिसत होतं.

नीरेहून लोणंद, लोणंदहून शिरवळ, शिरवळहून भोर अशा गाड्या बदलत गेलो. आता तुम्ही तेवढ्या वेळात कोकणात उतराल. तेव्हा गाडी कधी येईल हे कंडक्टरलाही माहीत नसे. लोणंदला कांद्याच्या पोत्यांवर बसून दशम्या खाल्ल्या. शिरवळला गरम भजी मिळाली, ती मात्र अजून जिभेवर आहेत. तिकिटाला किती पडले विचारू नका, पैसे आबांच्या कनवटीला असायचे. भोरला धर्मशाळेत पथारी टाकली आणि खानावळीत जेवलो. आंबेमोहोर भाताचा असा वास, की शेजारच्या पानावरचाही आपल्याला यावा. आबांनी भात संपवला, ढेकर दिला आणि वाढप्याला म्हणाले, "ह्ये देवाचं झालं. आता भाकरी आना."

दुसऱ्या दिवशी लाकडं भरायला वर जाणाऱ्या रिकाम्या ट्रकमधून पुढं गेलो. रस्ता नदीच्या कडेकडेनं जाई. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला भाताची पिवळी खाचरं. अशा वाटेला पुढं बसायला मिळालं तर बसा, मागं हाडं खिळखिळी होतात. मी डोळे मिटून भोपळ्याला मिठी मारली होती. वाडीवर रामभाऊचा थोरला भाऊ धोंडिबा वाट बघत होता. ते रान सरकारी, राखीव, आणि हा तिथला राखणदार. त्याच्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. त्याच्या घरी नाचणीची काळी भाकरी आणि खेकड्याचा रस्सा झाला. भाकरीचा रंग बघून कमळनं माझ्याकडं बघितलं, पण खाताना तिचाच हात आधी पुढं गेला.

धोंडिबानं रानातून उतरत आम्हाला डोहावर आणून सोडलं. "मी वरल्या अंगाला चक्कर टाकून येतो. पान्यात लई वेळ बसू नगा," म्हणाला आणि गेला.

रांजणडोह म्हणजे खडकात कोरलेला भला मोठा रांजणच. तीन बाजूंना काळा कातळ, समोरून पाण्याची पांढरी धार पडत होती, आणि आमच्या बाजूला पायऱ्यांसारखे सपाट दगड. रामभाऊ खोटं बोलला नव्हता. तळातला दगड न् दगड दिसत होता. वर आभाळ निळंभोर. पाऊस संपला, असं आबा ठासून म्हणाले. मला खरं सांगायचं तर ते पाणी बघून जास्तच भीती वाटली. आमच्याकडं विहिरीत खोली दिसत नाही, म्हणून तेवढी भीती नसते. इथं ती सगळी उघडी दिसत होती.

कमळनं शब्द पाळला, भोपळा बांधून उतरली. पण पहिल्याच वळशाला तिनं तो सोडून एका दगडावर ठेवला आणि धारेखाली गेली. तिथून तिनं जी आरोळी ठोकली ती अजून माझ्या कानात आहे. बाईमाणूस एवढ्या मोठ्यानं ओरडलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. हे एका उंच दगडावरून सूर मारत होते. आबा पायऱ्यांवर पाय सोडून बसले होते, ओंजळीत पाणी घेत होते, सोडत होते. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

आणि मी ओरडत होते. कमळ, तिकडं जाऊ नगंस. आहो, त्यो दगूड शेवाळलाय. आबा, पाय घसरंल. त्या फटीत काय हाललं? भरल्या पोटी पवू नगा, गोळा येतोय. सुरुवातीला कोणीतरी "व्हय व्हय" म्हणायचं. नंतर तेही बंद झालं. धारेचा आवाज जसा कानाला सवयीचा झाला, तसा माझाही झाला असणार.

थोड्या वेळानं धारेचा आवाज बदलला. जरा जड झाला. मग डोहाच्या वरच्या तोंडाला पाण्याचा रंग पालटला. चहात दूध घातल्यासारखा गढूळपणा खाली पसरत आला. त्याच्यावर फेस, वाळकी पानं, काटक्या.

आबा उठून उभे राहिले. "आरं, पानी आलं! पयलं पानी!"

हे समजून घ्यायला तुम्हाला आमचा पाट माहीत पाहिजे. पाटाला पाणी सुटतं तेव्हा पुढं असंच गढूळ पाणी येतं, उसाचं वाळकं पाचट आणि फेस घेऊन. त्याच्याइतकं गोड दृश्य कोऱ्हाळ्यात नाही. म्हातारी माणसं खाली उतरतात, गुळाचा खडा वाहतात, पाणी डोळ्यांना लावतात. पोरं वरच्या अंगाला पळत जाऊन त्या तोंडच्या पाण्यावर स्वार होऊन येतात. जन्मभराची सवय ती. आबांनी पिशवीतून गूळ काढला आणि हात जोडून एक पायरी खाली उतरले. हे कंबरभर पाण्यात उभे राहून हसत होते. आणि कमळ, पाटात वाढलेली माझी कमळ, त्या गढूळ पाण्याला सामोरी जायला उलटी धारेकडं पोहत निघाली.

माझं माहेर कोरड्या मुलखातलं. आमचा ओढा वर्षभर वाळूचा. पण लांब कुठं पाऊस झाला की निळ्या आभाळाखाली असंच होई. आधी बोटभर गढूळ पाणी, फेस, काटक्या. मग पुरुषभर लोंढा. माझ्या डोळ्यांदेखत त्यात एक बैलगाडी गेली होती, जुंपलेल्या बैलांसकट. वडील सांगायचे, वढ्याला गढूळ दिसलं की मागं बगायचं न्हाय, वर चढायचं.

"वर या! लोंढा हाय! कमळे, माघारी फिर!" मी छाती फुटेस्तोवर ओरडले.

कमळनं मान वळवली. हसत म्हणाली, "आता काय वैनी, सुसर आली व्हय?"

हे हसले. आबासुद्धा हसले.

तेव्हा मला एवढंच कळलं, की माझ्या हाकेला ही माणसं येणार नाहीत. मी बुडाले तर येतील. मी पायरीवरून पाण्यात पाय टाकला, आणि पुढची पायरी नव्हतीच.

पाणी बर्फासारखं होतं. नाकातोंडात गेलं. वर काय, खाली काय, कळेना. एक गोष्ट स्पष्ट आठवते, की मला भोपळ्याची नाही, सासूबाईंची आठवण झाली. मग कोणीतरी मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगड्या फुटल्या. दुसऱ्या बाजूनं केसांना हिसका बसला. हे आणि कमळ, दोघंही. आबांनी वरून पदर धरून ओढलं. त्या तिघांनी मला पायऱ्यांवर आणि तिथून वरच्या कातळावर फरफटत नेलं.

"याड लागलं का तुला?" हे ओरडत होते. "पवाया येत न्हाय आन् पान्यात उडी? कुनासाटी गं? कुनासाटी?" मला बोलता येत नव्हतं, नुसतं पाणी ओकत होते. मी हात करून धारेकडं दाखवलं.

पांढरी धार आता तांबडी झाली होती आणि दुप्पट रुंद. बघता बघता तिच्याबरोबर एक अख्खं झाड खाली आलं. कमळ जिथं पोहत होती तिथं ते उभं राहिलं, आडवं झालं आणि गरगरलं. आबांच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. दगडावर ठेवलेला भोपळा पाण्यानं अलगद उचलला, कातळावर आपटला, आणि त्याच्या ठिकऱ्या उडालेल्या आम्ही चौघांनी बघितल्या.

कमळ माझ्या ओल्या अंगाला चिकटून बसली ती धोंडिबा धावत येईपर्यंत सुटली नाही. तो वरूनच हाका मारत येत होता, माथ्यावर पाऊस कोसळला होता. आम्हाला मोजल्यासारखं बघून तो मटकन खाली बसला. आबांच्या मुठीत गुळाचा खडा तसाच होता. तो विरघळून बोटांना चिकटला होता.

परतीच्या वाटेचं सांगण्यासारखं काही नाही. शिरवळला भजी होती, कोणी खाल्ली नाहीत. नीरेच्या गाडीत ह्यांनी उगाच गंमत करायला म्हटलं, "भोपळा काय, आपल्याच पाटानं घरी यील." कोणी हसलं नाही, तेही हसले नाहीत. त्या डोहावर आता नव्या धरणाचं पाणी चढलंय, तेव्हा पत्ता विचारू नका. आणि जाल तिथं पाऊस संपला असं कोणी कितीही ठासून सांगितलं, तरी डोंगराच्या माथ्यावर काय चाललंय ते खाली दिसत नाही, हे ध्यानात ठेवा.

घरी सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी कमळला उभी केली, पुढून बघितली, पाठ फिरवून बघितली. मग माझ्याकडं वळल्या आणि माझ्या मनगटांवर त्यांची नजर थांबली. एका हातात एकच बांगडी उरली होती, दुसऱ्यात तीही नाही. सवाष्णीचे मोकळे हात. मला वाटलं, आता बोलतील. आबा खाली मान घालून म्हणाले, "हिनं आनली पोरगी. आमी न्हाय." सासूबाईंनी आपल्या हातातल्या बांगड्या साबण लावून उतरवल्या आणि माझ्या हातात चढवल्या. त्यांचा हात थोराड, त्या मला सैल झाल्या. तरी कासार येईपर्यंत मी त्याच घालून होते.

पुढची पाळी आली तेव्हा कमळच्या लग्नाला थोडेच दिवस उरले होते. पोरं ओरडत आली, "पानी सुटलं!" आम्ही सगळे पाटावर गेलो. गढूळ पाणी पाचट ढकलत, फेस घेऊन आलं. दर पाळीला आबा सगळ्यांच्या आधी खाली असायचे. त्या दिवशी ते गूळ हातात घेऊन काठावरच थांबले. माझ्याकडं वळले आणि चारचौघांदेखत विचारलं, "सूनबाई, ह्ये आपलंच हाय न्हवं? उतरू का?"

मी वरच्या अंगाला बघितलं. लांब पाटाच्या दारावर, पाणी सोडून, रामभाऊ हात हालवत उभा होता.

"आपलंच हाय आबा, उतरा," मी म्हटलं.

ते उतरले. कमळ मात्र काष्टा खोचून तशीच उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत. डोहात तिला मनासारखं पोहायला कुठं मिळालं होतं? थोडा वेळ, तोही माझ्या आरडाओरड्यात. आणि बावड्याला गेल्यावर तेवढंही मिळणार नव्हतं.

"जा," मी म्हटलं. "आज म्या काय बोलनार न्हाय."

ती पुलावर चढली आणि मुटका मारला. मोरीपाशी वर आली, परत चढली, परत मारला. मी काठावर बसले. तोंडावर पदर दाबून धरला होता, पण एक हाक मारली नाही. ऊन कललं तरी ती पोहतच होती. सासूबाई गुडघे धरत धरत पाटापर्यंत आल्या आणि माझ्याशेजारी टेकल्या.

"आज लई गप हायेस?"

मी म्हटलं, "तिची एक दुपार राहिलीया, आत्याबाई. ती पुरी करून घेऊ द्या."

त्यांनी कमळकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या सैल बांगड्या मनगटावर नीट वर सारल्या, आणि दिवस मावळेपर्यंत त्याही तिथंच बसून राहिल्या.